सतरा सप्टेंबरचा बार

२१ ऑगस्ट, गुरुवार

टेंभुर्णीच्या बैठकीत आज बोलता बोलता बोलून गेलो, की यंदा सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, आजोबांचं रिव्हॉल्व्हर नुसतं दाखवायचं नाही, वाजवायचं. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माझी जीभ आणखी एक वाक्य पुढे जाते. ते वाक्य होतं, "आणि बार माझी लेक पायल काढील."

मोटारसायकलवर जालन्याला परतताना वाटलं, विचारायला तरी हवं होतं तिला. पण विचारून होणारी कामं वेगळी आणि बोलून होणारी वेगळी. माझं आयुष्य दुसऱ्या प्रकारात गेलं.

आजोबांची गोष्ट मी तीस वर्षं सांगतो आहे. राघोजी, गावकीची कामं करणारा माणूस. अठ्ठेचाळीस साली, निजामाच्या राज्याच्या शेवटच्या दिवसांत, लुटारूंची टोळी गावात शिरली. पेठेतलं एक मारवाडी कुटुंब, अकरा माणसं, आमच्या एका खोलीच्या घरात येऊन लपलं. आदल्या दिवसापर्यंत आमची सावली टाळणारी माणसं आमच्या चुलीला पाठ लावून बसली. शेटजींनी आपलं रिव्हॉल्व्हर आजोबांच्या हातात दिलं. आजोबा भरदुपारी दारात उभे राहिले. तीन गोळ्या झाडल्या आणि टोळी परतली. शेटजींनी नंतर ते हत्यार परत घेतलं नाही.

तीन हा आकडा मला कुणी दिला, हे खरंच आठवत नाही. दादा म्हणजे माझे वडील फार बोलत नसत. ते एवढंच सांगत, "बाबा दारात उभे राह्यले." गोळ्या बहुधा मी घातल्या. पण टोळी उगीच कशी परतेल?

२४ ऑगस्ट, रविवार

पोलीस ठाण्यात जाऊन आलो. परवाना दादांच्या वेळेपासून आहे, आता माझ्या नावावर आहे, त्याची अडचण नाही. पण जाहीर कार्यक्रमात बार काढायचा तर हत्यार सुस्थितीत असल्याचं जाणकाराचं लेखी आणा, म्हणाले. मी त्यांना लोकशाहीतील प्रतीकांच्या महत्त्वावर थोडं सांगितलं. त्यांनी चहा पाजला आणि पुन्हा म्हणाले, लेखी आणा.

घरी येऊन हत्यार टेबलावर ठेवलं. जुन्या पद्धतीचं आहे, काडतुसाचं नव्हे. फिरत्या गोलात सहा घरं आहेत. प्रत्येक घरात पुढून दारू घालायची, वर शिसाची गोळी ठासायची. मागे प्रत्येक घराला एक बारीक खुंटा, त्यात सुईएवढं भोक. खुंट्यावर तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी भोकातून आत जाते. हे सगळं मी पुस्तकांतून वाचलं आहे. पुढून पाहिलं तर सहाही घरांत काळं बूड दिसतं. सगळं हत्यारच मधाच्या रंगाचं झालं आहे, कारण आई दर अशोक विजयादशमीला त्याला करडईचं तेल लावते.

यावरून आमची जुनी भांडणं आहेत. देव सोडले आणि हत्यार पुजायला लागलीस का, असं मी विचारतो. ती म्हणते, "पुजत न्हाई बापू, पुसते."

आजही ती दारात येऊन म्हणाली, "त्याला वाजवू नको. मामंजींनी त्याचं..." तेवढ्यात फोन आला. केदारखेड्याला शिक्षकदिनाचं व्याख्यान ठरलं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

मस्तगडला बद्रीनारायण शेटजींकडे आमंत्रण घेऊन गेलो. हत्यार देणाऱ्या त्या शेटजींचे ते नातू. ऐंशी पूर्ण झाली तरी दुकानात बसतात. मला ते मास्टरजी म्हणतात. पाणी, चहा, बडीशेप सगळं झालं. प्रमुख पाहुणे म्हणून यायला लगेच कबूल झाले.

मग त्यांनी ते काढलंच. म्हणाले, "मास्टरजी, एक बात सांगू? तुमच्या भाषणात आमच्या दादाजींचं नाव येत न्हाई. हत्यार त्यांचं होतं. सहाच्या सहा घरं त्यांनी आपल्या हातानं भरली, वरून मेण लावलं, टोप्या बसवल्या, मंग तुमच्या आजोबांच्या हाती दिलं. एवढं बराबर सांगत जा."

मी हसून मान हलवली, पण आतून पेटलो. म्हणजे शौर्यातही भागीदारी हवी. भरून दिलं म्हणे! दारात छातीचा कोट करून कोण उभं होतं? अत्तराच्या बाटलीसारखं भरून देणं आणि मरणासमोर उभं राहणं एकाच तागडीत कसं मोजायचं? परतताना भाषणात त्यावर एक परिच्छेद तयार झाला. चांगला झाला आहे. त्यांच्यासमोर म्हणायचा की नाही, ते ठरलं नाही.

पायलला हे सांगितलं तर ती भलतंच विचारत बसली. सहा भरल्या होत्या तर त्यांतल्या तीन सुटल्या, मग उरलेल्या तीन कुठं गेल्या? पोरीचं लक्ष नेहमी तपशिलात अडकतं. इतिहासाचा आत्मा तपशिलात नसतो, असं मी तिला म्हणालो.

३ सप्टेंबर, बुधवार

जाणकार मिळाला. टेंभुर्णीच्या शिवारात पप्पू म्हणून एक पन्नाशीचा गडी आहे. रानडुकरं हाकायला त्याच्याकडे ठासणीची बंदूक आहे, परवान्याची. त्याच्या मळ्यात जाऊन बसलो. त्यानं हत्यार हातात तोललं, घोडा ओढून पाहिला, गोल फिरवला, नळीला फुंकर मारली आणि म्हणाला, "सर, असलं पोलाद आता बनत न्हाई. काहीच झालं न्हाई ह्याला."

मी विचारलं, दारू किती लागेल? त्यानं पुढच्या बाजूनं एका घरात काडी घातली. काडी जेमतेम अर्धं पेर गेली. "घरं उथळ हायेत ह्याची," पप्पू म्हणाला. "चिमूटभर दारू बास झाली. गोळी तर घालायचीच न्हाई. वरून कागद ठासला की बार मोठा निघतो."

त्यानं सुस्थितीत असल्याचं लिहूनही दिलं, खाली सही. आणि दहा टोप्या दिल्या, कागदाच्या पुडीत. त्याच्या बंदुकीच्या आहेत, पण चिमटून बसतात.

पायलनं तो कागद वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. कॉलेजात ती एनसीसीत आहे, नेमबाजीत तिला पदक आहे. म्हणाली, "पप्पा, आमच्याकडं हत्यार हातात घेतलं की पहिलं काम ते रिकामं हाय का बघायचं. ह्यांनी ते बघितलंच न्हाई."

सत्तरेक वर्षं नुसतं पडून असलेलं हत्यार रिकामं नसेल तर काय असेल? मी हसलो. ती हसली नाही. माझी बायको ज्योत्स्ना अशीच बघायची. तिला जाऊन चार वर्षं झाली, तरी ती नजर घरात आहे.

७ सप्टेंबर, रविवार

गच्चीवर रंगीत तालीम केली. दारू न घालता, नुसती टोपी लावून.

माझ्या भाषणात एक जागा आहे. मी रिव्हॉल्व्हर उचलतो, नळी स्वतःच्या छातीला लावतो आणि म्हणतो, "राघोजीच्या समोर दोनच छात्या होत्या, एक टोळीवाल्यांची आणि एक स्वतःची." आणि घोडा सोडतो. खट्. सभागृहात एक श्वास अडकतो. तीस वर्षांत दोनशे वेळा तरी केलं असेल. पायल सात वर्षांची असताना एकदा मी नळी तिच्याकडे वळवून, तिला टोळीचा म्होरक्या करून, हे केलं होतं. बायका रडल्या होत्या.

आज टोपी होती. पायल म्हणाली, नळी कुणाकडंच करायची नाही, भिंतीकडे करा. मी म्हणालो, टोपीला कसली भीती? तिनं हात पुढे केला, मी तो बाजूला सारला, नळी छातीला लावली, वाक्य म्हटलं आणि घोडा सोडला.

टोपी फुटली. कानाजवळ फटाका वाजावा तसा आवाज झाला, थोडा धूर निघाला आणि अंगठ्याला चटका बसला. बाकी काही नाही. मी तिला म्हणालो, पाहिलंस?

ती खाली बसली होती. तोंडावर हात होता. मला वाटलं, वाक्याचा परिणाम.

८ सप्टेंबर, सोमवार

पायल माझ्याशी बोलत नाही. आई म्हणाली, आवाज झाला तेव्हा ती भाजी निवडत होती, ताट हातातून पडलं. मी दोघींनाही समजावलं, की भीती ही गुलामीची पहिली पायरी असते. आई म्हणाली, "आसंल."

११ सप्टेंबर, गुरुवार

पप्पूला फोन केला. टोपीचा आवाज मैदानात पोचायचा नाही, असं मला वाटत होतं. तो म्हणाला, खुंट्यांची भोकं तेलानं बुजली असतील, त्यामुळे ठिणगी आत जातच नसेल. भोकं मोकळी करा, मग दारू हमखास पेट घेईल.

दुपारभर बसलो. रॉकेलमध्ये बुडवलेली सुई घेऊन सहाही भोकं साफ केली. आईच्या करडईचं तेल डिंकासारखं घट्ट झालं होतं, पिवळे कण निघत राहिले. शेवटच्या भोकाला एक तास लागला. सुई आत जाऊन कशाला तरी टेकली, भुसभुशीत, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखं. तेलाचीच घाण असणार. आता सहाही भोकं मोकळी आहेत.

काम हातावेगळं केल्याचं समाधान मोठं असतं. उरलेल्या नऊ टोप्यांपैकी एक बसवून आईला दाखवणार होतो, पण ती झोपली होती, आणि पायल सकाळपासून घरात नव्हती. कुठं गेलीस, असं संध्याकाळी विचारलं. केदारखेड्याला, म्हणाली. एवढंच.

१४ सप्टेंबर, रविवार

काय काय झालं ते क्रमानं लिहितो.

सकाळी नऊला पायल एका माणसाला घेऊन आली. साहेबराव, केदारखेड्याचे, पोलीस दलात हत्यारांच्या दुरुस्तीत तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. तिच्या एनसीसीच्या सरांनी त्यांचं नाव सांगितलं होतं. पांढरा सदरा, खांद्याला रेक्झिनची पिशवी. मला जयभीम केला. मी त्यांना गोष्ट सांगायला सुरुवात केली, तर हात वर करून म्हणाले, "गोष्ट नंतर ऐकतो सर. आधी हे."

त्यांनी हत्यार उचलण्याआधी विचारलं, टोपी आहे का कुठल्या खुंट्यावर? नाही, म्हणालो. तरी त्यांनी स्वतः सहाही पाहिले. मग नळी भिंतीकडे करून हत्यार मांडीवर ठेवलं. पिशवीतून बांबूची काडी काढली. घरात घातली, कडेशी नखानं खूण केली, काढली. तीच काडी गोलाच्या बाहेरच्या बाजूला लावली. पुन्हा दुसरं घर. सहा वेळा. पायल शेजारी उभी राहून प्रत्येक खूण पाहत होती.

"बाहेरून बोटाची दोन पेरं भरतात," साहेबराव म्हणाले. "आतून अर्धंच. मंग बाकीचं कुठं गेलं?"

मी म्हणालो, घरं उथळ असतील.

"घरं उथळ नसतात सर. भरलेली असतात."

मला ते कळायला वेळ लागला. पायलला लागला नाही. तिनं माझं मनगट धरलं, जणू हत्यार अजून माझ्याच हातात होतं.

साहेबरावांनी मग खुंट्यांकडे पाहिलं. भिंगातून बराच वेळ. भोकं कुणी साफ केली, विचारलं. मी केली, सांगितलं. कधी? गुरुवारी. त्यानंतर टोपी लावली होती का? लावणार होतो. हत्यार खाली ठेवून त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. मग पायलला पाणी मागितलं आणि ग्लास हातात घेऊन नुसते बसून राहिले.

पुढचं काम अंगणात केलं. आम्हाला ओट्याच्या मागे उभं केलं. भोकांतून पाणी सोडलं, थांबले, गोल वेगळा काढला, एकेक खुंटा सोडवला. घरांवरच्या मेणाचा थर निघाला आणि खाली शिसं चमकलं. सहा गोळ्या. पाच घरांतली दारू चिखल झाली होती. सहाव्यात पाणी पोचलंच नव्हतं. तिथली कोरडी दारू त्यांनी फरशीच्या तुकड्यावर चिमूटभर ठेवली आणि काडी लावली.

फस्सकन जाळ उठला. ओट्याच्या कडेपर्यंत आला. आई दारातून म्हणाली, "आगं माय."

सत्त्याहत्तर वर्षांची दारू. मी ती दोनशे वेळा छातीला लावली होती. आणि एकदा पायलला.

साहेबराव हात धूत म्हणाले, नळी आतून नव्यासारखी आहे. ज्या दिवशी भरलं त्यानंतर यातून एकही गोळी सुटलेली नाही. खुंट्यांवर घोड्याचे वळ आहेत, पण ते उघड्या खुंट्यावर आपटून झालेले, अलीकडचे. मी म्हणालो, ते माझे. "सात तारखेला टोपी फुटली तेव्हा तेलानं भोक बुजलेलं होतं, म्हणून तुम्ही बसलात इथं," ते म्हणाले. "अन् येत्या बुधवारी भोकं मोकळी असती. आतल्या गोळीवर तुम्ही वरून पुन्हा दारू ठासली असती. हिच्या हातात फुटलं असतं, न्हाई तर समोरच्या लोकांत गेलं असतं."

अहवालात त्यांनी लिहिलं, वाजवण्यास कायमचे अयोग्य. मी त्यावर सही केली. साहेबरावांनी मानधन घेतलं नाही. जाताना म्हणाले, "आता सांगा गोष्ट." मी त्यांची पिशवी उचलून दारापर्यंत नेली.

१५ सप्टेंबर, सोमवार

एकही गोळी सुटलेली नाही. हे वाक्य कालपासून दाताखाली खड्यासारखं आहे.

पहिला विचार काय आला, तो प्रामाणिकपणे लिहितो. साहेबरावांना गप्प राहायला सांगावं. कोण विचारतं? बार रद्द, हत्यार जुनं, धोकादायक, एवढं सांगितलं की झालं. भाषण जसं आहे तसं राहील. अर्धा तास मी हा विचार केला. मग पायल माझ्या खोलीत आली, चहा ठेवला, गेली. तिचा उजवा हात मी पाहत राहिलो.

आईजवळ जाऊन बसलो. विचारलं, तुला माहीत होतं का, भरलेलं आहे ते?

"भरलेलं ते कुठं ठावं व्हतं?" ती म्हणाली. "टोप्यांचं ठावं व्हतं. शेटजींनी टोप्या बसवून दिल्या, मामंजींनी त्या काढून आडात टाकल्या. घरात अकरा माणसं, त्यात सात लेकरं. एखाद्याचा हात लागला तर? मला सांगितलं व्हतं त्यांनी, मी नवी नवरी आल्ते तवा."

म्हणजे ते दारात उभे राहिले तेव्हा हत्यार वाजणारच नव्हतं. आणि हे त्यांना माहीत होतं.

मी विचारलं, मग मला कधी सांगितलं का नाहीस?

"तू इचारलं कवा? तू सांगतच आला."

१६ सप्टेंबर, मंगळवार

भाषण फाडलं. नवं लिहायला बसलो. चार पानं झाली. चारही वाचली. चारही पानांत आजोबा काहीतरी झाडत होते, गोळ्या नाही तर शब्द. तीही फाडली.

बद्रीनारायण शेटजींना फोन करून सगळं सांगितलं. त्यांच्या दादाजींनी सहा भरल्या होत्या, हे खरं होतं, तेही सांगितलं आणि त्यांच्यावरचा माझा राग सांगून माफी मागितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मास्टरजी, आमचे लोक त्या दाराच्या मागं बसून राह्यले ते सहा गोळ्यांच्या भरवशावर. आन पुढं बिलकुल काहीच नव्हतं." फोन ठेवण्याआधी म्हणाले, "एक माणूस होता."

१७ सप्टेंबर, बुधवार

टेंभुर्णीच्या शाळेचं मैदान भरलं होतं. मागच्या भिंतीवर पोरं चढली होती, बार ऐकायला.

झेंडावंदन झालं. माझं नाव पुकारलं गेलं. पत्रिकेत माझ्या नावापुढे चाळीस मिनिटं होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, मी तुम्हाला तीस वर्षं तीन गोळ्यांचं सांगत आलो. तपासणी झाली. एकही गोळी सुटलेली नाही. त्या गोळ्या माझ्या आहेत. टोप्या आजोबांनी स्वतः आडात टाकल्या होत्या. बार निघणार नाही.

मैदानात कुजबुज झाली. भिंतीवरून कुणीतरी "हॅट्" म्हणालं. पप्पू पहिल्या रांगेत मान खाली घालून बसला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुढचं वाक्य नव्हतं.

मी आईला म्हणालो, तू सांग. तिनं नको नको केलं. पायलनं तिला हात धरून माइकपाशी आणलं आणि माइक खाली केला.

आई बोलायला लागली आणि माझ्या लक्षात आलं की मला ऐकू येत नाही. कर्णे सगळे लोकांकडे तोंड करून लावलेले. व्यासपीठावर नुसता घुमारा येतो. इतकी वर्षं मी तिथं उभा होतो, पण ऐकायची गरज कधी पडली नव्हती. मी पायऱ्या उतरलो, बाजूनं वळसा घेतला आणि लोकांत सतरंजीवर जाऊन बसलो. एका म्हातारीनं पाय आखडून जागा दिली.

आई सांगत होती, "...तर त्यांच्यातला एक पुढं आला. म्हणला, ए राघ्या, सुटती का रं ती? मामंजी म्हणले, ये पुढं, मंग कळंल." ती थांबली. "तो काही आला न्हाई. ते गेले. मंग मामंजी उंबऱ्यावर बसले. मला सांगायचे, सूनबाई, धोतर वलं झाल्तं, म्हणून घंटाभर उठलोच न्हाई."

मैदान हसलं. बद्रीनारायण शेटजी हसता हसता चष्मा काढून डोळे पुसत होते. शेजारची म्हातारी मला कोपरानं ढोसून म्हणाली, "कवाधरून तुझी भाषणं ऐकते. हे का न्हाई सांगितलं कधी?"

ये पुढं, मंग कळंल. हे वाक्य मला तीस वर्षांत सुचलं नव्हतं.